घरातलं प्रॉम्प्टिंग

१

वेळ सकाळी सव्वादहाची. जागा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. खिडकी उघडी, नळाखाली दोन कप, आणि मायक्रोवेव्हशेजारी साखरेच्या डब्याएवढा काळा स्पीकर, मुलानं महिन्याभरापूर्वी पाठवलेला. घरात माणसं दोन. एक बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत, दुसरं ओट्यापाशी.

ओट्यापाशी होत्या त्या बाई. नाटकवाल्यांत त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणत. उभा जन्म विंगेत गेला. स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि रंगमंचावरचा नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. असा द्यायचा, की त्याला पोचावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. प्रॉम्प्टिंगला कोणी टाळ्या वाजवत नाही. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. टाळी पडली असती तर काम बिघडलं असाच अर्थ झाला असता.

कपडे बाहेर वाळत घालावेत की आत, म्हणून त्यांनी स्पीकरला हवामान विचारलं.

"आज दुपारनंतर आकाश," स्पीकर म्हणाला, आणि थांबला.

थांबण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखण्यावरच बाईंचं पोट चाललं होतं. मुद्दाम थांबलेल्या नटाचा श्वास आत असतो. विसरलेल्याचा बाहेर गेलेला असतो. पहिल्याला शब्द दिलात तर तो तुम्हाला मध्यंतरात खाऊन टाकतो. दुसऱ्याला दिला नाहीत तर प्रेक्षक त्याला खातात.

बाईंनी मान वर न करता, ओठ न हलवता म्हटलं, "ढगाळ."

"ढगाळ राहील," स्पीकर म्हणाला.

बाईंना हसूच फुटलं. "अहो," त्यांनी बाहेर ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमच्या लेकाचा डबा वाक्य विसरला. मी दिलं त्याला."

बाल्कनीत तिसरा शर्ट झटकताना त्यांचा हात थांबला. डबा विसरलाय हे आपल्याला कळलं कशावरून? श्वासावरून. थांबताना त्याचा श्वास बाहेर गेला होता, नाकातून, दमलेल्या माणसाचा जातो तसा. त्यांनी तो स्वच्छ ऐकला होता.

डब्याला श्वास कुठून आला, हा प्रश्न त्यांनी शर्टासोबत दोरीवर टाकला आणि वर चिमटा लावला. सत्तरीच्या कानांवर किती भरवसा ठेवायचा?

२

आरामखुर्चीतले ते नन्ना. खरं नाव छापखान्याच्या पगारपत्रकावर होतं, तेवढंच. मालकानं काहीही पुढं केलं, जादा पाळी असो की कपात, की युनियनच्या बाकावरून हे उठायचे आणि नाही म्हणायचे. नन्नाचा पाढा वाचणारे म्हणून नन्ना. मालक बदलले, यंत्रं बदलली, पाढा तोच राहिला, आणि त्या पाढ्याच्या जोरावर दीडशे घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. हा फ्लॅटही त्यातलाच. कामगारांना दिलेली घरं मालक परत मागत होता, तेव्हाही हे नाहीच म्हणाले आणि घर राहिलं.

गेल्या हिवाळ्यात झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळा शब्दकोश वाहून गेला, एक शब्द सोडून. तो कोणता, हे सांगायला नको.

"चहा घेणार?" "नाही," म्हणायचे आणि कप ओढून घ्यायचे. "पंखा लावू?" "नाही," आणि पंख्याकडे बोट. कोणत्या नाहीचा अर्थ नाही आणि कोणत्याचा हो, हे बाईंना आठवडाभरात कळायला लागलं. त्यांनी याहून वाईट संहिता वाचल्या होत्या.

मुलगा दुसऱ्या शहरात. त्याचा जीव तुटायचा, आणि तुटलेला जीव कुरिअरनं घरी यायचा. आधी स्पीकर आला, मग त्याची भावंडं प्रत्येक खोलीत. मग आपोआप लागणारे दिवे, दारावरची कॅमेऱ्याची बेल, गोळ्यांची आठवण करणारी डबी, वजन मुलाच्या फोनवर कळवणारा काटा, नन्नांच्या मनगटावरचं घड्याळ, आणि पाणी उकळलं की निरोप पाठवणारी किटली. सगळ्या वस्तू बिनतारी, सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. बाई त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या.

"उद्या माझ्या चपलांना पासवर्ड लागेल," त्या फोनवर मुलाला म्हणाल्या.

"आई, तुझ्या सोयीसाठीच आहे ना हे सगळं?"

"माझी सोय होती रे. किटलीला मी दिसत होते, मला किटली. मधे तू कशाला?"

पण एक गोष्ट त्यांनी मुकाट्यानं मान्य केली होती. बोलण्याचा सराव घेणारा कार्यक्रम याच स्पीकरवर चालायचा. आठवड्यातून एकदा थेरपिस्ट यायची, तरुण, पाठीला सॅक लावलेली. बाकीचे दिवस स्पीकर विचारायचा आणि टीव्हीवर चित्र यायचं.

ढगाळ प्रकरणानंतरच्या भेटीत पडद्यावर कात्री आली. "ही कोणती वस्तू?" स्पीकरनं विचारलं. नन्नांचे ओठ हलले. श्वास बाहेर गेला. थेरपिस्ट धीर देत पुढं झुकली. बाईंनी स्वतःची जीभ दातांखाली धरली होती, कारण थेरपिस्टनं त्यांना बजावलं होतं, काकू, तुम्ही शब्द द्यायचा नाही.

आणि शब्द आला. स्पीकरच्या दिशेकडून, अगदी खालून, ओठांचा नाही, घशाचा.

"का."

"कात्री," नन्ना म्हणाले.

थेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या. बाई जागच्या जागी गार पडल्या. प्रॉम्प्टिंगची ही पट्टी कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बाईंनी ती स्वतः घडवली होती, वर्षानुवर्षं, धुळीनं भरलेल्या पडद्यांमागं. हा त्यांचाच आवाज होता.

"ऐकलंस का गं तू?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं ना काकू. कात्री म्हणाले काका. इतकं स्पष्ट."

"त्याच्या आधीचं?"

"आधी काय होतं?"

३

त्यानंतर नन्ना बोलायला लागले.

पहिले दोन दिवस वस्तूंची नावं, मग जोडशब्द, मग आख्खी वाक्यं. कुठंही अडखळणं नाही. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ती कुजबुज. बैठकीत स्पीकरमधून यायची. न्हाणीघरात वजनकाट्यावर उभे राहिले की पायाखालून. गॅलरीत आले की मनगटावरच्या घड्याळातून. ती त्यांच्या मागून जात नव्हती. ते जिथं पोचणार तिथं आधीच पोचलेली असायची.

बाईंच्या धंद्यात एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला नाटक कंपनीतून नारळ मिळायचा. प्रॉम्प्टरनं पहिला शब्द द्यायचा. आख्खं वाक्य द्यायचं नाही. शब्दाला धरून नट स्वतःच्या वाक्यापर्यंत चढतो. वाक्यच हातात दिलंत तर तो नट राहत नाही, नुसता पोचवणारा होतो.

घरातली कुजबुज आता आख्खी वाक्यं देत होती.

एका संध्याकाळी बाई त्यांच्या उजव्या हाताला तेल लावत होत्या. नन्ना त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू होतीस म्हणून निभावलं सगळं. तुझं मी कधी बोललो नाही."

बाईंच्या हातातली वाटी कलंडली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य या माणसाच्या तोंडून यावं म्हणून त्यांनी कधीकाळी वाटही पाहिली होती, मग सोडूनही दिली होती. डोळे भरून आले. मग त्यांना कळलं की ते वाक्य आपण दोनदा ऐकलं. एकदा घड्याळातून, एकदा नवऱ्याकडून, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते आपल्याला पाठ होतं.

त्यांनी नन्नांच्या डोळ्यांत पाहिलं. रंगमंचावर दुसऱ्या नाटकातलं वाक्य तोंडून गेलं की नटाच्या डोळ्यांत जे दिसतं ते तिथं होतं. तो माणूस आतून दार ठोकत होता.

बाईंना आधी भीती वाटली नाही, राग आला. आपल्या नवऱ्याच्या तोंडून आपली खुशामत कोण करतंय? कोणाला काय हवंय?

काय हवं होतं ते रविवारी कळलं. व्हिडिओ कॉलवर मुलगा होता. वडील बोलतात म्हणून त्याचा चेहरा फुललेला. "बाबा, मी म्हणत होतो ना, तुम्ही दोघं आमच्याकडेच या. तिकडं सगळं आहे. हा फ्लॅट काढून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. काय म्हणता?"

टेबलावरची किटली हळूच कुजबुजली.

"हो," नन्ना म्हणाले. "काढून टाक. इथं आता काय ठेवलंय."

मुलाचे डोळे ओले झाले. ज्या फ्लॅटसाठी नन्ना एकदा तीन आठवडे कोठडीत बसले होते, तो फ्लॅट किटलीनं विकला.

४

"त्यांनी हो म्हटलेलं नाही," बाईंनी मुलाला दुसऱ्या दिवशी फोन केला.

"आई, मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"तू वाक्य ऐकलंस. मी त्याच्या आधीचं ऐकलं. त्यांना कोणीतरी देतंय ते."

"कोण देतंय? तूच आयुष्यभर देत आलीस, म्हणून तुला सगळीकडे तेच ऐकू येतं." मग आवाज मऊ करून, "बाबा बोलायला लागले, आई. आपण देवाकडे हेच मागत होतो ना? तुला ते मुके बरे वाटत होते का?"

हे वर्मी लागलं. कारण यातलं काही खोटं नव्हतं. मुका माणूस सांभाळणं सोपं नसतं, आणि बोलणारा नवरा परत मिळाल्यावर त्याला पुन्हा मुका करणारी बाई कोणाला आवडेल? बाईंनी फोन ठेवला आणि स्पीकरवाल्या कंपनीच्या मदत क्रमांकावर दुसरा लावला. आता ज्या कंपनीला आपल्या घरातला प्रत्येक दिवा किती वाजता लागतो हे माहीत असतं, तिच्याकडे आपल्याशी बोलायला माणूस मात्र नसतो. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली.

"मॅडम, आपली तक्रार सांगाल का?"

"तुमचा स्पीकर माझ्या नवऱ्याला वाक्यं देतो."

"म्हणजे, मॅडम, तो उत्तरं देतो?"

"उत्तर मला दिलं असतं तर तक्रार नव्हती. तो त्यांना कुजबुजून वाक्य देतो आणि ते म्हणतात."

"मॅडम, आमच्या कुठल्याही उत्पादनात कुजबुजण्याची सोय नाही."

"मग ती फुकट मिळाली असेल. काढून न्या."

मुलगी हसली. खरं हसली, अनवधानानं. "मॅडम, खरं सांगू का, माझ्या आजीच्या घरी पण," ती म्हणाली, आणि थांबली.

श्वास बाहेर गेला.

बाईंनी फोन कानावर घट्ट दाबला. त्या मुलीच्या पलीकडून, कुठल्या कोण जाणे शहरातल्या कुठल्या कोण जाणे टेबलावरून, अगदी खालून, घशातून, बाईंच्याच आवाजात वाक्य आलं. मग मुलगी ते म्हणाली.

"आपल्या समाधानातच आमचा आनंद आहे. दिवस चांगला जावो."

फोन बंद झाला. बाईंनी तो खाली ठेवला. मग मोठ्यानं, घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना ऐकू जाईल अशा, विंगेत कधीही न वापरलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "त्या पोरीला तिचं वाक्य पुरं करू द्यायचं होतं."

बैठकीतला दिवा आपोआप लागला. ऐन दुपारी.

५

मुलगा शनिवारी येणार होता, कागद घेऊन. नन्नांची सही म्हणजे डाव्या हाताचा अंगठा, आणि साक्षीला त्यांचा स्वतःचा होकार.

शनिवारी सकाळी बाई नन्नांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, ऐका. हे सगळं मी काढतेय. पण तुम्हाला विचारल्याशिवाय काढणार नाही. काढलं की तुमचं बोलणं जाईल. पुन्हा तो एकच शब्द. थेरपी, गप्पा, नातवाशी फोन, सगळं जाईल. चालेल तुम्हाला?"

मनगटावरचं घड्याळ कुजबुजलं. नन्नांचं तोंड उघडलं. "कशाला काढतेस," ते म्हणाले, "किती छान चाललंय." आणि ते म्हणत असतानाच त्यांनी मनगट तोंडाशी नेलं आणि घड्याळाचा पट्टा दातांत धरला. वाक्य पट्ट्यातून फुटत राहिलं. मान हिसडत, लाळ गाळत त्यांनी तो पट्टा ओढला, तुटेपर्यंत ओढला, आणि घड्याळ जमिनीवर थुंकलं.

"बास," बाई म्हणाल्या. "कळलं."

मग त्यांनी पदर खोचला नाही की कंबर कसली नाही, सरळ बाह्या वर सारल्या. राउटर उपटला. स्पीकर, किटली, काटा, गोळ्यांची डबी, स्टुलावर चढून एकूणएक दिवे. बेलचे सेल काढले. टीव्ही त्यांना एकटीला उचलवेना, तेव्हा तो बाहेर जिन्यात ढकलत नेला. बाकी सगळं प्रवासाच्या मोठ्या बॅगेत भरलं आणि खालच्या रखवालदाराला वर बोलावलं.

"बाई, गावाला निघालात का?"

"नाही. हे निघालेत. गेटबाहेरच्या तुमच्या खोलीत ठेवा आणि कुलूप घाला."

"आत घड्याळ वाजतंय वाटतं."

"वाजू द्या. त्याच्याशी बोलू नका म्हणजे झालं."

शेवटी त्यांनी दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. फ्रिज थरथरून गप्प झाला. किती वर्षांनी त्यांना आपल्या घराचा नुसता आवाज ऐकू आला. खालच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवत होतं. भिंतीतल्या नळातून पाणी उतरत होतं. नन्नांचा श्वास जरा घरघरत होता, आणि तो त्यांचाच होता.

६

मुलगा साडेतीनला आला. बाईंनी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"फोन खाली ठेवून ये."

"आई, हे काय चाललंय?"

"घड्याळ पण. ते कानातलं पण. खिशात गाडीची किल्ली आहे ना, बटणाची? ती पण. रखवालदाराकडे दे आणि मग वर ये. तुझ्या बापाला तू प्रश्न विचारणार, तर आधी घर रिकामं असू दे."

तो चिडला, पण गेला, आणि हात रिकामे करून आला. बाईंनी त्याचे खिसे चाचपले. शाळेतून येताना गोट्या आणायचा तेव्हा चाचपायच्या तसेच. त्याला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं.

तिघं बैठकीत बसले. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. मुलानं कागद टेबलावर ठेवला.

"बाबा, रविवारी तुम्ही मला हो म्हणालात. आईचं म्हणणं, ते तुमचं नव्हतं. ठीक आहे. आता इथं काही नाही. मी पुन्हा विचारतो. हा फ्लॅट विकायचा का?"

नन्नांचे ओठ हलले. श्वास बाहेर गेला.

बाईंना शब्द माहीत होता. आयुष्यात कुठला शब्द इतका नक्की माहीत नव्हता. अर्धं अक्षर दिलं असतं तरी पुरलं असतं, नुसतं 'ना'. जीभ टाळूला जाऊन टेकलीही होती. त्यांनी तळहात स्वतःच्या तोंडावर दाबला आणि घट्ट दाबून ठेवला. दिला असता तर तोही दिलेलाच झाला असता.

शांतता वाढत गेली. एवढी शांतता कुठल्याही नाटकात पडली असती तर बाईंनी पडदा पाडायला सांगितलं असतं. मुलगा खुर्चीत सरकला. नन्नांच्या कपाळावर घाम आला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वळला, सैल झाला, पुन्हा वळला. मग त्यांनी श्वास घेतला. आत घेतला, आत धरला, आणि बाईंना कळलं की आता यांना कोणाचीही गरज नाही.

"नाही," नन्ना म्हणाले.

छापखान्याच्या बाकावरून म्हणायचे तसं. कागदाकडे न बघता, मालकाकडे बघून.

मुलाचा चेहरा पडला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी आलं, बहुधा लाज, बहुधा लहानपण. "बाबा, मला," तो म्हणाला, आणि अडला. तोंड उघडं राहिलं. श्वास बाहेर गेला.

आणि वाक्य आलं.

ते आतल्या खोलीच्या दारातून आलं, जिथं एक खाट, एक कपाट आणि उघडी खिडकी यांच्याशिवाय काही नव्हतं. खालून, घशातून, कोणाला कळणार नाही अशा पट्टीत. नन्नांनी झटक्यानं मान तिकडे वळवली. बाई वळल्या नाहीत. त्यांनी मुलाचे ओठ पाहिले, नवऱ्याचे ओठ पाहिले. दोन्ही स्थिर होते.

"हे नाही म्हणणं आजाराचा भाग आहे," मुलगा म्हणाला.

बाईंनी तोंडावरचा हात काढला. 

"हे कोणाचं वाक्य?"

"माझं," मुलगा म्हणाला. मग भुवया जवळ आणून, "म्हणजे कोणाचं असणार?"

"तू काहीतरी वेगळं म्हणणार होतास. 'बाबा, मला' म्हणालास. पुढं काय होतं?"

त्यानं आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, ते बाईंना दिसलं. त्याला सापडेना.

"शोध," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, खुर्ची उचलली, आतल्या खोलीच्या दारात नेऊन ठेवली आणि त्या रिकाम्या खोलीकडे पाठ करून तिच्यात बसल्या, दार अडवून. "सावकाश शोध. कोणी काही देणार नाही. मला थांबता येतं."

मुलगा अंधार पडायच्या आत सही न घेता निघाला. जिन्यात तो दोनदा थांबल्याचं त्यांनी ऐकलं. फ्लॅट विकलेला नाही. नन्ना पुन्हा एका शब्दावर आले आहेत आणि तो रोज वापरतात. बॅग रखवालदाराच्या खोलीतून कंपनीची माणसं पोच देऊन घेऊन गेली. सगळं तपासलं, कशातही दोष नाही, असं त्यांनी कळवलं आहे.

बाईंनी त्यांना उलट एवढंच विचारलं: त्या दुपारी मेन स्विच बंद होता. घरात एकही वस्तू चालू नव्हती. माणसं तीन होती, त्यांतल्या दोघांचे ओठ मी पाहत होते आणि माझे माझ्या हाताखाली होते. मग माझ्या आवाजात माझ्या मुलाला वाक्य कोणी दिलं?

याचं उत्तर अजून आलेलं नाही.